घर विकणे आहे. पण विकायचे काय?

साकोलीहून पिटेझरीच्या बाजूने असो की तिरोड्याहून चोरखमाऱ्याच्या बाजूने, नागझिऱ्याच्या जंगलाकडे जाणाऱ्या वाटांवर जमीन विकणे असल्याचे फलक आता नवलाचे राहिलेले नाहीत. ‘प्लॉट’ हा शब्द धानाच्या बांधांपर्यंत येऊन पोहोचला आहे. पण याच वाटांवरील एखाद्या गावात शिरून, कवेलूंच्या छपराखालच्या ओसरीवर ‘घर विकणे आहे’ अशी पाटी शोधू लागले, तर ती सापडण्याची शक्यता फार कमी. याचा अर्थ या गावांतून घरे विकली जात नाहीत, असा मुळीच नव्हे. मुले नागपूरला, रायपूरला किंवा पुण्याला स्थिरावतात. मागे राहिलेली म्हातारी माणसे जातात. कोणाच्या दवाखान्याचे देणे असते, कोणाचे लग्नाचे कर्ज. घर विकले जातेच. ते गाजावाजा न होता, बहुधा रात्रीच्या बैठकीत, एका दलालाच्या आणि एकाच गिऱ्हाइकाच्या साक्षीने विकले जाते, आणि शेजाऱ्याला त्याची वार्ता भिंत पाडायला माणसे आल्यावर लागते.

या गुप्ततेचे कारण आर्थिक नाही, सामाजिक आहे. शेत विकणाऱ्याला अडचण होती असे लोक म्हणतात, घर विकणारा मात्र बुडाला असे म्हणतात. आपल्या भाषेत घर ‘बसते’, ‘बुडते’, ‘धुवून निघते’. ते ‘विकले जाणे’ या सर्वांहून लाजिरवाणे. ही लाज समजण्यासारखी आहे. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने तिची एक किंमत आहे, आणि ती किंमत विकणाऱ्यालाच मोजावी लागते. ज्या वस्तूच्या विक्रीची वार्ता कोणाला कळू द्यायची नाही, तिला दोन गिऱ्हाइके मिळणार कोठून? आणि जेथे गिऱ्हाईक एकच, तेथे भाव ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे आपोआप जातो. मक्तेदार विक्रेता सर्वांना ठाऊक असतो. मक्तेदार ग्राहकाची गोष्ट क्वचितच निघते. घर विकू पाहणारा ग्रामीण माणूस अशाच ग्राहकाच्या ताब्यात स्वतःहून जाऊन बसतो.

शहरात चित्र वेगळे आहे. तेथे सदनिका विकायची म्हणजे काय काय करावे, याचे एक शास्त्रच बनले आहे. रंग द्यावा, गळणारे नळ बदलावेत, अडगळ हलवावी, खिडक्या उघड्या ठेवून उजेड येऊ द्यावा, छायाचित्रे काढावीत, आसपासच्या चार व्यवहारांचा भाव पाहून आपला भाव ठरवावा. हा सल्ला शहरापुरता चुकीचा नाही. त्यामागे एक गृहीत आहे. घेणारा त्या भिंतींमध्येच राहावयास येणार आहे आणि त्या भिंती कोणाच्या याबद्दल त्याला फारशी शंका नाही, असे ते गृहीत. नागझिऱ्याच्या आसपास या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत.

मातीच्या भिंती, सागाच्या वा ऐनाच्या तुळया, वर कवेलू, पुढे ओसरी, मागे वाडी आणि गुरांचा कोठा, असे हे घर. विकण्यापूर्वी घरमालक काय करतो? भिंती पोतारतो, फुटके कवेलू बदलतो, फार तर पुढच्या दाराला तेलपाणी करतो. हे सारे मनाच्या समाधानासाठी ठीक आहे. पण घेणारा जर गावचाच असेल, तर त्याला सिमेंटचे घर बांधायचे आहे. आणि बाहेरचा असेल, तर पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या आहेत. दोघेही त्या भिंती पाडणार. म्हणून दोघेही केवळ जागेचा भाव देतात, आणि कित्येकदा पाडण्याचा खर्चही त्यातून वजा करून मागतात. जुन्या सागवानी चौकटी-दारांना घरापासून वेगळे काढून विकले तर अधिक पैसे येतील, अशी विपरीत स्थिती काही घरांच्या बाबतीत असते. एक गोष्ट मात्र सांभाळली पाहिजे. छप्पर बसू देता कामा नये. एका पावसाळ्यात छप्पर गेले की दुसऱ्या पावसाळ्यात भिंत जाते, आणि तिसऱ्या वर्षी ते ‘घर’ राहत नाही, ती ‘पडीक जागा’ होते. मग तिच्यावर शेजाऱ्याचा गोठा कधी सरकला, हे विचारण्याची सोय राहत नाही. छपरावर केलेला खर्च हा सजावटीचा नसून ताबा टिकवण्याचा खर्च आहे, एवढाच त्याचा अर्थ.

भिंतींपेक्षा कागद

मग घर विक्रीसाठी ‘तयार’ करायचे म्हणजे काय? याचे उत्तर चुन्याच्या बादलीत नसून कागदांच्या बासनात आहे. बहुसंख्य घरमालकांच्या बासनात काय निघते? ग्रामपंचायतीच्या नमुना आठचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, विजेचे देयक. नमुना आठ ही कर आकारणीची नोंदवही आहे. कर कोणाकडून घ्यायचा हे ती सांगते. मालक कोण हे सांगण्यासाठी ती ठेवलेलीच नाही. गावात मात्र तिलाच मालकीचा दाखला समजले जाते, आणि गिऱ्हाईक वकिलाकडे जाऊन आले की हा समज एका दिवसात कोसळतो.

हा दोष घरमालकाच्या निष्काळजीपणाचा नाही. त्याला इतिहास आहे. हा प्रदेश मध्यप्रांतातला, मालगुजारीचा. ज्या मालगुजारांच्या काळातील तलावांवर आजही येथील धान पिकते, त्यांच्याच व्यवस्थेत गावची आबादी आणि तेथे कोण कोठे राहतो हे मालगुजाराच्या वहीत आणि गावाच्या आठवणीत असे. १९५१ साली मालगुजारी गेली. राहत्या घरांवरील लोकांचे हक्क कायद्याने कायम ठेवले, पण घरागणिक नकाशा आणि क्रमांक मात्र मिळाला नाही. १९५६ साली भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया वेगळा झाला. राज्ये आणि जिल्हे बदलले. शेताचा सातबारा दर पिढीत लिहिला गेला. घराखालची जागा मात्र ‘गावठाण’ या एका शब्दात झाकलेली राहिली. मोठ्या गावांत भूमापन झाले, लहान गावे राहून गेली, आणि जंगलाच्या कडेची गावे बहुतेक लहानच.

या पार्श्वभूमीवर २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेली केंद्राची स्वामित्व योजना महत्त्वाची ठरते. ड्रोनने गावठाणाचे चित्र घ्यायचे, हद्दी आखायच्या, चौकशी करायची आणि प्रत्येक घराला मालमत्ता पत्रक द्यायचे, हा तिचा गाभा. महाराष्ट्राने पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी हा प्रयोग त्याआधीच करून पाहिला होता. १८ जानेवारी २०२५ रोजी देशभर एकाच दिवशी ६५ लाख पत्रके वाटण्यात आली. पेरूचे अर्थशास्त्रज्ञ हर्नांडो डी सोटो यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गरिबांची घरे म्हणजे ‘मृत भांडवल’ असे म्हटले, कारण ती असूनही गहाण पडत नाहीत, विकत नाहीत, हस्तांतरित होत नाहीत. स्वामित्व योजनेमागे हाच विचार आहे, हे उघड आहे.

तथापि पत्रक हाती आले म्हणजे घर विक्रीयोग्य झाले, असे समजणे घाईचे होईल. चौकशीच्या दिवशी जो घरात हजर त्याचे नाव लागण्याचा संभव अधिक. आणि घर विकणारा माणूस बहुधा ज्याच्या नावे घर आहे त्याचा मुलगा किंवा नातू असतो. आजोबांच्या नावाचे पत्रक घेऊन नातू व्यवहाराला बसतो, तेव्हा त्या कागदाची अर्धी शक्ती गेलेली असते. त्यात बहिणींचा प्रश्न येतो. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वडील २००५ साली हयात होते की नाही याचीही अट उरू दिली नाही. अनुसूचित जमातींना तो कायदा लागू नाही. तरीही १७ जुलै २०२५ रोजी एका गोंड कुटुंबाच्याच वादात न्यायालयाने आदिवासी स्त्रीला वारसा नाकारणे समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवले. नागझिऱ्याच्या परिसरात गोंड वस्ती मोठी आहे, तेव्हा हा निकाल दूरचा नव्हे. बालाघाटला किंवा राजनांदगावला दिलेल्या बहिणीची सही घेणे हे घर विकण्याच्या तयारीतील सर्वांत अवघड काम आहे, आणि म्हणूनच ते सर्वांत शेवटी, इसार घेतल्यानंतर, घाईघाईने केले जाते. तिच्या हिश्शाचा मोबदला न देता ‘हक्कसोडपत्र’ मागायचे, ही जी रीत पडली आहे, तिच्यातूनच पुढचे दावे उगवतात. बहिणीला तिचा वाटा देणे हा केवळ न्याय नाही. किमतीचा हिशेब केला तर तो शहाणपणाचा सौदाही आहे.

तो हिशेब असा. अंक कल्पित आहेत, पण तर्क कल्पित नाही. स्वच्छ कागदपत्रांचे एक घर, जागेसह, चार लाखांना जाईल असे धरू. तेच घर वारसांच्या सह्यांविना विकायला काढले. घेणाऱ्याला वाटते की चारांत एकदा तरी कोणी भाऊबंद दावा लावील, घर हातचे जाईल आणि वर लाखभर रुपये कोर्टात जातील. म्हणजे तीन चतुर्थांश शक्यतेने चार लाखांचा माल, आणि एक चतुर्थांश शक्यतेने एक लाखाचा तोटा. त्याच्या लेखी त्या घराचे मोल झाले पावणेतीन लाख. सव्वा लाख रुपये भिंतीच्या ओलीमुळे गेले नाहीत, ते एका न घेतलेल्या सहीमुळे गेले. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की घेणाऱ्याला चांगला आणि वाईट माल वेगळा ओळखता येत नसेल तर तो सर्वच मालाला वाईट मालाचा भाव देतो आणि चांगला माल बाजारातून उठतो. पुढे २००१ साली त्यांना नोबेल मिळाले. गावठाणातील घरांच्या बाजारात नेमके हेच चालले आहे. ज्याचे कागद खरोखरीच स्वच्छ आहेत, त्यालाही शेजाऱ्याच्या अस्वच्छ कागदांचा भाव मिळतो.

आदिवासी मालकाच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ च्या दुरुस्तीने आलेल्या कलमानुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आणि तिला शासनाची पूर्वमान्यता लागते. घर अशा जमिनीवर असेल, तर ही परवानगी नसलेला व्यवहार घेणाऱ्याला आज ना उद्या परत करावा लागू शकतो. या निर्बंधाविरुद्ध तक्रार ऐकू येते, की त्यामुळे आदिवासीच्या घराला भावच येत नाही. तक्रारीत तथ्य आहे. गिऱ्हाइके कमी झाली की भाव उतरतो, हे कोणताही विद्यार्थी सांगेल. परंतु निर्बंध उठवला तर काय होईल, हे पाहण्यासाठी कल्पनेची गरज नाही. तो येण्यापूर्वी ज्या गतीने जमिनी गेल्या, त्यामुळेच तो आणावा लागला. निर्बंध राहिलाच पाहिजे. ज्या कायद्याने गिऱ्हाईक कमी केले, त्याच शासनाने मात्र अडलेल्या विक्रेत्याला वाजवी भावाची दुसरी वाट द्यावयास हवी, आणि तेवढे शासनाने केलेले नाही.

भाव कोणाचा खरा?

घराची किंमत सांगायची वेळ आली की गावात तीन आकडे फिरू लागतात. पहिला ऐकीव. अमक्या वाटेवर नागपूरच्या कोणी एकरी इतके दिले, ही बातमी दर कानागणिक वाढत जाते. पण रस्त्याला लागून असलेली, हॉटेल होऊ शकणारी जमीन आणि गावाच्या पोटातले, बैलगाडी कशीबशी वळेल अशा बोळातले घर, यांची तुलनाच होत नाही. दुसरा आकडा गरजेचा असतो. दवाखान्याला दीड लाख हवेत, म्हणून घर दीड लाखाचे. हा आकडा दलाल सर्वांत आधी काढून घेतो. कारण विक्रेत्याची गरज कळली की घराची किंमत पाहण्याची आवश्यकताच उरत नाही. तिसरा आकडा सरकारी, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी दरवर्षी जाहीर होणारा बाजारमूल्य दर. तीन वर्षे न बदललेले हे दर २०२५-२६ साठी वाढवले गेले. हा दर अधिकृत असल्यामुळे तोच खरा, असे सुशिक्षितही मानतात. परंतु ते शुल्क वसुलीचे साधन आहे. अशा नोंदवहीतील दरावरून जमिनीचे खरे बाजारमूल्य ठरवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ सालीच म्हटले आहे.

खरा भाव कळण्याची एक जागा आहे, ती म्हणजे झालेल्या व्यवहारांची नोंद. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन पाहता येते. गावात कोणते खत किती मोबदल्याला झाले, हे त्यात असते. गावातील मागल्या पाच-सात खरेदीखतांचे आकडे काढणे, हे शहरातील ‘आसपासचे भाव पाहा’ या सल्ल्याचे ग्रामीण रूप. पण येथे एक मोठीच गोम आहे. ते आकडे खोटे असतात. शुल्क वाचवण्यासाठी खतात सरकारी दराएवढाच मोबदला लिहायचा आणि उरलेले हातात द्यायचे, ही पद्धत विक्रेता आणि ग्राहक दोघांच्या संगनमताने चालते. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार वा त्याहून अधिक रोख घेण्यास १ जून २०१५ पासून आयकर कायद्याने बंदी आहे, तरी चालते.

यात शासनाचा महसूल बुडतो, हे नेहमीचे रडगाणे. त्याहून मोठे नुकसान गावाचे आहे, आणि त्याची चर्चा होत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला काढताना मागील तीन वर्षांतील खरेदीखते पाहिली जातात, त्यांतील चढ्या मोबदल्याच्या निम्म्या खतांची सरासरी घेतली जाते, आणि ती सरकारी दराशी ताडून जी रक्कम अधिक ती आधाराला धरली जाते. म्हणजे ज्याने तीन लाखांचे घर खतात दीड लाखाचे दाखवले, त्याने स्वतःचे काही हजारांचे शुल्क वाचवले, आणि उद्या रस्ता, कालवा किंवा अन्य प्रकल्प आल्यास अख्ख्या गावाच्या मोबदल्याला कात्री लावून ठेवली. शिवाय पुढचा विक्रेता सूची पाहायला गेला की त्याला तोच दीड लाखाचा आकडा दाखवून गप्प केले जाते. एकाचे खोटे खत हे दहा जणांविरुद्ध पुरावा ठरते.

शासन स्वतः घराचे मोल काय करते, हेही येथे पाहण्यासारखे आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ मध्ये अस्तित्वात आला. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातील कुटुंबाने स्वेच्छेने बाहेर पडावे म्हणून राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २००८ साली कुटुंबामागे १० लाख रुपये ठरवले. २०२१ साली ते १५ लाख झाले. रक्कम एकहाती न घेता पुनर्वसन स्वीकारणाऱ्यांसाठी २००८ च्या सूत्रांत या रकमेची वाटणी दिली आहे. शेतजमिनीला ३५ टक्के, हक्कांच्या निपटाऱ्याला ३० टक्के, आणि घराची जागा व बांधकाम मिळून २० टक्के. १० लाखांच्या हिशेबाने दोन लाख. घर मातीचे की दगडाचे, तीन खोल्यांचे की सात, अंगणात मोहाची झाडे किती, यांचा या आकड्याशी काही संबंध नाही. सरसकट दराचे प्रशासकीय फायदे आहेत, हे मान्य. पण बाजारात गेले तर एकच गिऱ्हाईक, आणि शासनाकडे गेले तर एकच दर, अशा दुहेरी बंदिस्तीत या पट्ट्यातील घर सापडले आहे.

आणि वाघाचे काय? २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीच्या परिसरातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. वाघ वाढले की प्रवेशद्वारांवरची गर्दी वाढते आणि वाटेवरच्या जमिनीचा भाव चढतो. त्याच वाघामुळे पहाटे धानाला पाणी द्यायला, मोहफुले वेचायला जाणाऱ्याच्या जिवाला घोर लागतो, आणि जंगलाच्या अगदी कडेच्या घरातले माणूस निघून जाण्याचा विचार करू लागते. एकाच प्राण्याने एकाच गावात जमीन महाग आणि घर स्वस्त करावे, हा चमत्कार पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

गिऱ्हाईक आणि हंगाम

विक्रीची जाहिरात हा शब्द गावठाणाच्या संदर्भात थोडा हास्यास्पद वाटेल. वर्तमानपत्रात जाहिरात देणे परवडत नाही, आणि दूरध्वनीवरच्या जाहिरातस्थळांवर गावठाणातील घर शोधायला कोणी येत नाही. राहिला दलाल. २०१७ पासून राज्यात स्थावर संपदा नियामक प्राधिकरण आहे, पण त्याची नजर नोंदणीकृत प्रकल्पांवर आणि त्यांतील मध्यस्थांवर. गावातला दलाल त्याच्या कक्षेत येत नाही. तो दोन्हीकडून घेतो आणि बहुधा घेणाऱ्याच्या बाजूने असतो, कारण घेणारा त्याला पुन्हा भेटणार असतो, विकणारा एकदाच.

या मक्तेदारीला शह देण्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावर घर विकणे असल्याची सूचना महिनाभर लागणे, ती शेजारच्या गावांच्या फलकांवर जाणे, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी दवंडी होणे, एवढ्याने गिऱ्हाइकांची संख्या एकावरून तीन-चारांवर जाईल. त्यातून आणखी एक गोष्ट साधते. हिंदू वारसा कायद्यात सहवारसाला घराचा हिस्सा आधी विकत घेण्याचा अग्रहक्क आहे. उघड सूचना झाली की तो बजावण्याची संधी भावाला-बहिणीला मिळते आणि ‘आम्हाला कळवलेच नाही’ या तक्रारीचे दार बंद होते. लाजेचा प्रश्न उरतोच. पण प्रत्येक विक्रीची सूचना लागण्याची पद्धत पडली, तर एखाद्याच्या सूचनेत लाजण्यासारखे काही राहणार नाही.

हंगामाबद्दल मात्र विक्रेत्यानेच सावध राहिले पाहिजे. घरे सर्वाधिक विकली जातात ती जून ते सप्टेंबरच्या दरम्यानच्या अडचणीत. पेरणी-रोवणीचा खर्च, शाळेची फी, तापाचे दिवस. छप्पर गळत असते, अंगणात चिखल असतो, जंगलाचे दरवाजे पर्यटकांना बंद असतात आणि बाहेरचे गिऱ्हाईक फिरकत नाही. नोव्हेंबरनंतर धान निघते, गावातल्याच चार माणसांच्या हातात पैसा येतो, भिंती कोरड्या असतात, पर्यटकांबरोबर बाहेरचे गिऱ्हाईकही येते. तेच घर पावसाळ्यात आणि पौषात एका भावाने जात नाही. ज्याला चार महिने थांबणे शक्य आहे त्याने थांबावे, आणि ज्याला शक्य नाही त्याला त्या मालमत्ता पत्रकावर बँकेने चार महिन्यांचे कर्ज द्यावे. पत्रकाचा हा उपयोग त्याच्या घोषणेत ठळकपणे सांगितला गेला होता. प्रत्यक्षात लहान गावातील मातीच्या घरावर कर्ज देण्यास शाखाधिकारी नाखूश असतो. त्याचाही दोष नाही, कारण थकल्यास ते घर विकायचे कोणाला, हा त्याचाही प्रश्न आहे. बाजार नाही म्हणून कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून विक्रेता थांबू शकत नाही. हे चक्र कोठून तरी तोडावे लागेल.

स्वामित्व पत्रकांमुळे गावठाणे बाहेरच्यांच्या घशात जातील, असा एक आक्षेप घेतला जातो. तो झटकून टाकण्यासारखा नाही. कागद स्वच्छ झाला की विकणे सोपे होते, आणि सोपे झाले की विकले जाते. पण कागद अस्वच्छ असल्याने विक्री थांबत नाही, ती स्वस्तात होते, हे वर आलेच आहे. ज्यांना घर गावातच राहावेसे वाटते, त्यांनी विक्रीऐवजी भाडेपट्ट्याचा विचार सुचवावा. शिक्षक, वनरक्षक, आरोग्यसेवक यांना राहण्यास जागा लागते. पर्यटकांसाठी घरगुती निवासाची सोय होऊ शकते. वर्षाला येणारे भाडे आणि विक्रीची रक्कम यांचा हिशेब मांडला तर पुष्कळ कुटुंबांना विकण्याची घाई नव्हती असे दिसून येईल. पण भाडेपट्ट्यालाही मालक कोण, हे आधी ठरावे लागते. पुन्हा तोच कागद.

या दिशेने शासनाने एक पाऊल शेताच्या बाबतीत उचलले आहे. २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ या नावाने मोहीम निघाली आणि मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम गावोगाव झाले. गावठाणातील मालमत्ता पत्रक आणि नमुना आठ यांच्यासाठी अशीच मोहीम का निघू नये? सातबाऱ्याचे काम महसुलाकडे, पत्रकाचे भूमी अभिलेखाकडे, नमुना आठचे ग्रामपंचायतीकडे, अशी तीन दारे आहेत, आणि त्या दारांवरील पदांची नावे अलीकडेच बदलली आहेत. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नावे बदलण्याइतकेच तिघांना एका टेबलाशी बसवणे सोपे असते तर किती बरे झाले असते. नागझिऱ्याच्या भोवतालच्या गावांसाठी ते टेबल दिवाळीनंतर, धान घरात आल्यावर आणि दूर दिलेल्या लेकी माहेरी आलेल्या असताना मांडावे. बहिणींच्या सह्यांसाठी बालाघाटला माणूस पाठवण्याचा खर्च तरी वाचेल.